‘समजले नाही’ असे म्हणण्याचे धैर्य
(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



मला विषय दिला आहे, ‘इंग्रजीतील कठीण शब्द व त्यांचे अर्थ कसे शिकावेत’. विषय ऐकून काही विद्यार्थ्यांनी वह्या काढलेल्या दिसतात. सर शंभर शब्दांची यादी सांगतील, आपण ती उतरवून घेऊ, असा त्यांचा विचार असावा. त्यांची थोडी निराशा होणार आहे. यादी बाजारात विकत मिळते, तिच्यासाठी माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला बोलावण्याचे कारण नाही. मी प्रथम एकाच शब्दाची हकीकत सांगणार आहे. तो शब्द मला येत नव्हता, आणि त्याची किंमत माझ्या घराने मोजली.

आमच्या घरात दखनी बोलत. शाळा मराठी. इंग्रजी ही तिसरी भाषा, तीही शाळेच्या तासापुरती. १९७१ साली मी जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, उत्तीर्ण झालो. आमच्या गल्लीत मॅट्रिक झालेला मी पहिलाच मुलगा. लोक पत्रे, तारा, नोटिसा घेऊन माझ्याकडे येऊ लागले. वाचून दाखवताना मला फार मोठेपणा वाटे. त्याच सुमारास माझे चाचा एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्यास तयार झाले. चाचांचे सायकल दुरुस्तीचे छोटे दुकान होते, आणि दुकानाची जागा त्यांच्या स्वतःच्या मालकीची होती. जामीन दोघे होते, चाचा आणि आणखी एक गृहस्थ. कागद इंग्रजीत टाइप केलेला होता. सही करण्यापूर्वी चाचांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “बाबू, पढ के बोल, क्या लिख्या है.”

मी मोठ्या ऐटीत वाचू लागलो. मध्येच तीन शब्द आले, ‘जॉइंटली अँड सेव्हरली’. ‘जॉइंट’ मला माहीत होता. ‘सेव्हरल’ म्हणजे अनेक, हेही पाठ्यपुस्तकात झाले होते. तेव्हा मी जोडून टाकले आणि सांगितले, “याचा अर्थ, सगळे मिळून जबाबदार. अर्धे तुमचे, अर्धे त्यांचे.” खरे सांगायचे तर मला शंका आली होती. वाक्य नीट लागत नव्हते. पण समोर चार माणसे बसली होती आणि मी मॅट्रिक होतो. ‘हा शब्द मला येत नाही’ एवढे वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही.

१९७२ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्याने कसा काढला, ते इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. त्या व्यापाऱ्याचा धंदा बसला. दुसरे जामीनदार पोटासाठी मुंबईकडे निघून गेले. आणि कर्जाची सगळी रक्कम, अर्धी नव्हे, सगळी, चाचांकडे मागण्यात आली. तेव्हा एका वकिलांनी आम्हाला समजावून सांगितले, की कायद्याच्या भाषेत ‘सेव्हरली’ म्हणजे ‘अनेकांनी’ नव्हे. तो ‘सेपरेट’ या शब्दाचा भाऊ आहे. त्याचा अर्थ ‘वेगवेगळे, एकेकटे’. म्हणजे सगळे मिळून जबाबदार, आणि प्रत्येक जण एकटाही संपूर्ण रकमेला जबाबदार. एकाने सगळे भरले तर दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचा वाटा मागण्याचा हक्क कायदा देतो. पण ज्याच्याजवळ काहीच उरले नाही, त्याच्याकडे मागायचे काय? चाचांनी दुकानाची जागा विकली.

ते माझ्यावर कधी रागावले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, “तुझे नहीं आता, इतना बोल देता, तो मैं वकील के पास जाता.” मित्रहो, मी पुढे शिक्षक झालो, अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. पण शब्दार्थाविषयीचा सर्वांत मोठा धडा मला त्या एका वाक्याने दिला. शब्द न येणे हा दोष नाही. येतो असे दाखवणे हा दोष आहे.

आता याच जिल्ह्याशी संबंध असलेल्या एका थोर माणसाचे उदाहरण देतो. आपल्या नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा नेत्यांना आणून ठेवले होते. त्यांत पंडित जवाहरलाल नेहरू होते, सरदार पटेल होते आणि त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. नेहरूंनी १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत याच किल्ल्यात आपला भारतशोधाचा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. मौलानांनी याच किल्ल्यात ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे उर्दूत लिहिली. दोन्ही पुस्तके १९४६ साली प्रसिद्ध झाली. एकाच भिंतीआड, दोन भाषांत, दोन अजोड ग्रंथ. याच कैदेत असताना १९४३ साली मौलानांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या, आणि त्यांची अखेरची भेटही होऊ शकली नाही. किल्ला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पण त्या कैद्यांपैकी मौलाना इंग्रजी कसे शिकले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मौलानांचे शिक्षण शाळेत झाले नाही. घरीच अरबी, फारसी, तर्कशास्त्र, गणित, तत्त्वज्ञान यांचा जुना अभ्यासक्रम त्यांनी वयाच्या सोळाव्या वर्षीच पुरा केला. वडिलांनी पंधरा-एक विद्यार्थी जमवून दिले, आणि हा सोळा वर्षांचा मुलगा त्यांना वरचे विषय शिकवू लागला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सर सय्यद अहमद खान यांचे लेखन त्यांच्या वाचनात आले. आधुनिक विज्ञान, तत्त्वज्ञान आणि साहित्य यांवाचून आजच्या जगात माणूस खऱ्या अर्थाने सुशिक्षित होत नाही, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि त्यांनी इंग्रजी शिकायचे ठरवले. मौलवी मुहम्मद यूसुफ जाफरी यांनी त्यांना मुळाक्षरे शिकवली आणि प्यारीचरण सरकार यांचे पहिले पुस्तक हातात दिले. ते पुस्तक लहान मुलांचे होते. विचार करा, पंधरा विद्यार्थ्यांचा उस्ताद मांडी घालून बालपुस्तकातली ए, बी, सी गिरवतो आहे! आमच्या दहावीच्या मुलाला पाचवीचे पुस्तक वाच म्हटले, तर त्याचा चेहरा उतरतो.

पुढची पायरी पाहा. थोडी भाषा येऊ लागताच मौलानांनी बायबलच्या तीन प्रती मिळवल्या, एक इंग्रजी, एक फारसी आणि एक उर्दू. तिन्ही शेजारी ठेवून त्यांनी ओळीला ओळ लावून वाचले. त्यानंतर कोश हाताशी घेऊन इंग्रजी वर्तमानपत्रे वाचली. आणि मग इतिहासाचे व तत्त्वज्ञानाचे ग्रंथ. हे सारे त्यांनी आपल्या आत्मकथनात सांगितले आहे. ना शिकवणी, ना मार्गदर्शक, ना हजार शब्दांची यादी.

या हकिकतीत शब्द शिकण्याची पुरी पद्धत आली आहे. तिचे चार भाग करून सांगतो.

पहिला भाग, खालच्या पायरीची लाज न धरणे. त्या वेळच्या अखंड भारतात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ होते. बंगाली मुलांना इंग्रजी का जड जाते, याचा त्यांनी अभ्यास केला. पुस्तकात एका पानावर इतके नवे शब्द कोंबलेले असतात की मूल वाचूच शकत नाही, हे त्यांनी पाहिले, आणि मोजके नवे शब्द असलेली वाचनपुस्तके तयार केली. पुढे १९५३ साली त्यांनी नेहमीच्या उपयोगातील सुमारे दोन हजार शब्दांचा संग्रह प्रसिद्ध केला. साधारण इंग्रजी मजकुरातले शंभरापैकी सुमारे ऐंशी शब्द या दोन हजारांतच सापडतात. तेव्हा ज्याचे हे दोन हजार पक्के नाहीत, त्याने ‘कठीण’ शब्दांच्या मागे लागणे म्हणजे पाया न घालता मजला चढवणे होय.

त्यानंतर कोणते शब्द? न्यूझीलंडमधील भाषातज्ज्ञ अ‍ॅव्हेरिल कॉक्सहेड यांनी २००० साली महाविद्यालयीन पुस्तकांतून ५७० शब्दकुळे वेगळी काढली. एक शब्द आणि त्यापासून झालेली त्याची भावंडे, म्हणजे एक कुळ. अभ्यासाच्या पुस्तकातले शंभरापैकी सुमारे दहा शब्द या कुळांतले असतात. ‘अ‍ॅनालाइझ’ म्हणजे पृथक्करण करणे, ‘असेस’ म्हणजे मूल्यमापन करणे, ‘जस्टिफाय’ म्हणजे योग्य कारणे देऊन सिद्ध करणे, ‘डिराइव्ह’ म्हणजे निष्पन्न करणे, ‘हायपॉथेसिस’ म्हणजे गृहीतक. अकरावी-बारावीला विज्ञान घेणाऱ्या मुलांनो, तुमच्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न हे शब्द विचारतात. उत्तर येत असूनही प्रश्नाचा शब्द न कळल्यामुळे गुण गेलेली मुले मी डोळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून यादी पाहिजेच असेल, तर अशी यादी घ्या, जिच्यातले शब्द तुमच्या पुस्तकात पानोपानी भेटतात. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातले जन्मात एकदा भेटणारे शब्द नंतर पाहता येतील.

दुसरा भाग, एका भाषेला दुसरीचा आधार देणे. मौलानांनी तीन प्रती शेजारी ठेवल्या. आपल्या मुलांच्या घरात तर तीन भाषा जन्मापासून शेजारी नांदत आहेत. घरी दखनी किंवा उर्दू, गावात मराठी, वर्गात इंग्रजी. अनेक पालक याला ओझे समजतात. मी याला भांडवल समजतो. कसे, ते सांगतो.

उर्दू शिकणाऱ्या मुलाला ठाऊक असते की क, त, ब ही तीन अक्षरे आली की लिहिण्याचा संबंध आला. किताब, कातिब, मकतब, मकतूब, कुतुबखाना. मराठी मुलाला ठाऊक असते की ‘हार’ला निरनिराळे उपसर्ग लागले की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे शब्द होतात. इंग्रजीही असेच करते. लॅटिन भाषेत ‘पोर्ट’चा अर्थ वाहून नेणे. त्यावरून ‘इम्पोर्ट’ आत आणणे, ‘एक्स्पोर्ट’ बाहेर पाठवणे, ‘ट्रान्सपोर्ट’ इकडून तिकडे नेणे, ‘डिपोर्ट’ माणसाला देशाबाहेर काढणे, ‘पोर्टेबल’ म्हणजे उचलून नेता येईल असे. लॅटिनमध्ये ‘क्रेड’ म्हणजे विश्वास ठेवणे. ‘क्रेडिट’ म्हणजे पत, ‘क्रेडिबल’ म्हणजे विश्वासार्ह, ‘क्रेडेन्शियल्स’ म्हणजे विश्वास बसावा म्हणून दाखवायची कागदपत्रे, ‘इन्क्रेड्युलस’ म्हणजे ज्याचा विश्वास बसत नाही असा. आपल्या मराठीत ‘पत’ या एका शब्दात विश्वास आणि उधारी हे दोन्ही अर्थ आहेतच. तेव्हा ‘क्रेडिट’ आपल्याला परका का वाटावा?

आणखी एक गंमत सांगतो. आपण ज्यांना कठीण इंग्रजी शब्द म्हणतो, त्यांतले कितीतरी आपल्याच घरातून गेलेले आहेत. आकाशात डोक्यावरच्या बिंदूला इंग्रजीत ‘झेनिथ’ म्हणतात. लाक्षणिक अर्थ, उत्कर्षाचा कळस. हा शब्द अरबीतल्या ‘सम्त’ या शब्दापासून आला. उर्दूत ‘सम्त’ म्हणजे दिशा, हे तुमच्या आजीलाही ठाऊक आहे. त्याच्या उलट, पायाखालच्या बिंदूला ‘नेडिर’ म्हणतात, म्हणजे अधोगतीचा तळ. तो आला ‘नजीर’ वरून. नजीर म्हणजे जोडीचा, समोरचा, तुलनेचा. ‘बेनजीर’ म्हणजे ज्याला जोड नाही असा. विजेच्या बिलावर ‘टॅरिफ’ असते. ते आले ‘तारीफ’ वरून, म्हणजे माहिती देणे, ओळख करून देणे. ‘मॅगझिन’ आणि आपला ‘खजिना’ एकाच अरबी धातूची लेकरे. म्हणून बंदुकीच्या गोळ्या ठेवायच्या जागेलाही मॅगझिन म्हणतात आणि लेखांचा साठा असलेल्या मासिकालाही. ‘झीरो’ आणि ‘सायफर’ हे दोन्ही ‘सिफर’ या एकाच शब्दाची रूपे. ‘अल्जेब्रा’ हे नाव नवव्या शतकातील गणिती अल्-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथाच्या नावातले, आणि संगणकाच्या अभ्यासातला ‘अल्गोरिदम’ हा त्यांच्या स्वतःच्या नावावरून आलेला. आणि ज्या ‘मॉन्सून’ची आपल्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत आपण डोळे लावून वाट पाहतो, तो अरबी ‘मौसिम’चा वंशज, मराठी ‘मोसमा’चा सख्खा नातलग.

हे सांगण्यात पोकळ अभिमान नाही. शब्द माणसांप्रमाणे प्रवास करतात, एवढेच मला दाखवायचे आहे. जिल्हा, तालुका, तहसील, अर्ज, वकील हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीचे झाले. ‘जामीन’ हा शब्दही तसाच आलेला. ज्या शब्दाचा प्रवास कळला, तो सहसा विसरत नाही.

मात्र एक इशारा. मूळ पाहून अर्थाचा अंदाज करावा, निवाडा करू नये. तेलाच्या टँकरवर ‘इन्फ्लेमेबल’ लिहिलेले असते. ‘इन’ म्हणजे ‘नाही’ असे समजून कोणी त्याच्याजवळ विडी पेटवली, तर काय होईल? तिथे ‘इन’चा अर्थ ‘नाही’ असा नाही. तो शब्द ‘लगेच पेट घेणारे’ असे सांगतो. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे बिनमोलाचे, पण कवडीमोल नव्हे, तर अमूल्य. अंदाज आणि अर्थ यांच्यामध्ये कोशाचे पान असते. माझ्या हातून त्या दिवशी हीच चूक झाली. मी अंदाज केला आणि तोच अर्थ म्हणून सांगितला.

म्हणून तिसरा भाग, कोश हाताशी ठेवून वाचणे. आपल्या महाराष्ट्रात कोशांची परंपरा जुनी आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, आणि त्यांनी व कँडी यांनी केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली. दोन भाषा शेजारी ठेवण्याचे काम आपल्याकडे दोनशे वर्षांपासून चालू आहे. परभाषा शिकणाऱ्यांसाठी वेगळा इंग्रजी कोश हवा, हे ओळखले ए. एस. हॉर्नबी यांनी. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवीत होते. त्यांचा कोश प्रथम १९४२ साली जपानमध्ये छापला गेला, म्हणजे मौलाना आपल्या किल्ल्यात आले त्याच वर्षी. पुढे १९४८ साली ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. आज ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ म्हणून विद्यार्थी वापरतात, तो हाच. त्याचे वैशिष्ट्य असे, की तो नुसता अर्थ सांगून थांबत नाही, शब्द वाक्यात कसा बसतो तेही दाखवतो. आपण ‘जोराचा पाऊस’ म्हणतो, इंग्रज पावसाला ‘हेवी’ म्हणतो. हे नुसत्या शब्दार्थाने कळत नाही.

कोश कशासाठी उघडायचा? अनोळखी शब्दासाठी, हे खरेच. पण त्याहून अधिक, ओळखीचा चेहरा घेऊन आलेल्या परक्या शब्दासाठी. अनोळखी माणसापासून आपण सावध असतो. फसवतो तो ओळखीचा वाटणारा. ‘इंटरेस्ट’ म्हणजे आवड, पण बँकेच्या कागदावर व्याज, आणि वर्तमानपत्रात हितसंबंध. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे प्राचार्य, पण कर्जाच्या कागदावर मुद्दल. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार, पण खरेदीखतात मोबदला. ‘इन्स्ट्रुमेंट’ म्हणजे उपकरण, पण कायद्यात दस्तऐवज. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, आणि एका देशाने दुसऱ्यावर लादलेले निर्बंध म्हणजेही ‘सँक्शन्स’. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख, आणि नजरचूक म्हणजेही ‘ओव्हरसाइट’. पाहा, एकाच शब्दात लक्ष ठेवणेही आणि लक्ष चुकणेही. असे शब्द यादीत पाठ करून येत नाहीत. ते वाक्यातच ओळखावे लागतात.

आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये कोश आहे. माझ्या वेळी गावात एकही नव्हता. ही मोठी सोय झाली. पण मोबाइल पहिला अर्थ दाखवतो आणि आपण तिथेच थांबतो. माझ्यापुढेही त्या दिवशी पहिलाच अर्थ आला होता, ‘अनेक’. दुसरा, तिसरा अर्थ पाहण्याची सवय लावा. मग आपले वाक्य पुन्हा वाचा. जो अर्थ वाक्यात बसेल, तो खरा. कोणताच बसला नाही, तर विचारा.

चौथा भाग, वापर. इथे मौलानांचीच आणखी एक गोष्ट. ते इंग्रजी ग्रंथ वाचीत, पण बोलताना उर्दूच पसंत करीत. त्यांचे आत्मकथनही त्यांनी उर्दूत सांगितले आणि हुमायून कबीर यांनी ते इंग्रजीत उतरवले. मात्र प्रत्येक प्रकरणाचा इंग्रजी मसुदा मौलाना स्वतः वाचीत आणि त्यात भर घालीत, बदल करीत. म्हणजे शब्द ओळखणे ही एक शक्ती आणि शब्द वापरणे ही दुसरी. पहिली आधी येते. वाचताना पाच हजार शब्द ओळखता येतात आणि लिहिताना हजारच सुचतात, म्हणून खचून जाऊ नका. सर्वांचे असेच असते.

आणि जो शब्द पुरता ओळखीचा झाला नाही, तो मिरवण्यासाठी वापरू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने स्नेहसंमेलनात पाहुण्यांचे स्वागत इंग्रजीत केले. ‘प्रसिद्ध’ला भारी शब्द हवा म्हणून त्याने यादीतून ‘नोटोरियस’ उचलला. यादीत त्याच्यापुढे ‘प्रसिद्ध’ एवढेच छापलेले होते. त्याने भर सभेत पाहुण्यांना ‘कुख्यात’ म्हणून टाकले. पाहुणे दिलदार होते, खळखळून हसले. पण नोकरीच्या मुलाखतीत असे हसणारे भेटतीलच असे नाही. जिथे साधा शब्द चालतो, तिथे साधाच वापरावा. कठीण शब्द शिकायचे ते दुसऱ्याला दबवण्यासाठी नव्हे, दुसऱ्याने आपल्याला दबवू नये म्हणून.

आता वहीची पद्धत सांगतो. रोज पाच शब्द, अधिक नाही. वहीत पाच रकाने आखा. पहिल्यात शब्द. दुसऱ्यात तो जिथे भेटला ते वाक्य, जसेच्या तसे. तिसऱ्यात मराठी अर्थ. चौथ्यात उर्दू किंवा घरच्या बोलीतला अर्थ. पाचव्यात स्वतःचे वाक्य, आपल्या गावातले, आपल्या घरातले. दुसऱ्या दिवशी अर्थाचे रकाने झाकून पाहा. आठवड्याने पुन्हा, महिन्याने पुन्हा. एका बैठकीत वीस वेळा घोकण्यापेक्षा वीस दिवसांत चार वेळा आठवणे अधिक टिकते, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांनीही दाखवून दिले आहे. दिवसाला पाच म्हटले, तर वर्षाला अठराशे होतात. निम्मे विसरले तरी नऊशे राहतील. तीन वर्षांत ही वही तुमचे नशीब बदलू शकते.

चौथा रकाना मी मुद्दाम घातला आहे. ‘अकाउंटेबिलिटी’ म्हणजे ‘उत्तरदायित्व’ हे पाठ करणारा मुलगा ‘उत्तरदायित्व’ म्हणजे काय, हे सांगू शकत नाही, तेव्हा त्याने एका कुलपाला दुसरे कुलूप लावलेले असते. घरात आईला समजेल असे सांगता आले, तरच शब्द कळला. ‘जवाब देना पडता’ एवढे जरी तो म्हणाला, तरी त्याला ‘अकाउंटेबिलिटी’ कळली, असे मी धरीन.

पालकांना माझी एक विनंती आहे. आम्ही शिकलेलो नाही, मुलांचा अभ्यास काय घेणार, असे आपण म्हणता. आपण एक करू शकता. रात्री जेवताना मुलाला, आणि मुलीलाही, विचारा, “आज कौनसा नवा लफ्ज सीखा? मेरे को समझा.” समजावताना मूल अडखळले, तर रागावू नका. “नहीं आता तो कल पूछ के आ,” असे म्हणा. या एका वाक्याने मुलाला फार मोठी गोष्ट मिळते. ‘मला येत नाही’ असे म्हणायला त्याच्या घरात मनाई नाही, हे त्याला कळते.

शिक्षक बंधुभगिनींनाही हेच सांगणे. वर्गात हात वर करून ‘सर, हा शब्द समजला नाही’ म्हणणाऱ्या मुलाला शाबासकी द्या. आणि आपल्याला एखादा शब्द अडला, तर मुलांसमोरच कोश उघडा. त्यात आपला मान कमी होत नाही. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना नम्र सूचना अशी, की कोश कार्यालयाच्या कपाटात कुलुपात ठेवू नयेत. प्रत्येक वर्गात एक इंग्रजी-मराठी आणि एक इंग्रजी-उर्दू कोश उघड्यावर ठेवावा. पाने फाटतील. फाटू द्या. ज्या कोशाची पाने फाटत नाहीत, तो कोणी उघडलेलाच नसतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आमच्या पिढीला जे मिळाले नाही, ते तुम्हाला मिळाले आहे. तरी आजही आपल्या जिल्ह्यात इंग्रजी कागदापुढे अंगठा किंवा सही करणारी माणसे आहेत, आणि घरातल्या शिकलेल्या मुलाकडे आशेने पाहणारी माणसे आहेत. उद्या कर्जाचा कागद येईल, दवाखान्यात शस्त्रक्रियेपूर्वीचे संमतिपत्र येईल, परदेशी नोकरीचा करार येईल. तो कागद तुमच्या हातात ठेवून कोणीतरी म्हणेल, पढ के बोल.

त्या वेळी तुम्हाला सगळे शब्द येत असतील, असे मी म्हणत नाही. मलाही आजवर सगळे येत नाहीत. पण जो येत नाही त्याच्यावर बोट ठेवून, चार माणसांसमोर, मान वर करून, “हा शब्द मला समजला नाही, सही थांबवा, मी विचारून येतो,” एवढे म्हणण्याचे धैर्य तुमच्यात असावे. ते धैर्य माझ्यात १९७१ साली असते, तर माझ्या चाचांची दुकानाची जागा आज आमच्या घरात असती.